हकीकत नंतर, आधी झोप

घरचा कर्ता माणूस आत्महत्येनं गेला की पहिल्या पंधरवड्यात त्या घराच्या ओसरीवर बरीच माणसं येऊन बसतात. पोलीस पाटील येतो, ठाण्याचा जमादार येतो, पटवारी येतो, सोसायटीचा सचिव येतो, तालुक्याचा वार्ताहर येतो, एखादा पुढारी चार गाड्या घेऊन येऊन जातो. सगळ्यांचं विचारणं एकच: काय झालं, कसं झालं, आधी काही बोलला होता का? उत्तर द्यायला बायकोलाच पुढं बसवतात. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत मिळायची तर नापिकी, न फिटलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा या गोष्टी कागदावर दिसाव्या लागतात. त्यावरून प्रकरण पात्र ठरतं किंवा अपात्र.

मग तिची हकीकत हळूहळू कर्जाच्या साच्यात बसत जाते. त्या रात्री जेवताना झालेली बोलाचाली, त्याचं दोन महिने न झोपणं, पिणं, दवाखान्यात न नेल्याची टोचणी हे सगळं त्यातून गळून पडतं, कारण ते कुठल्याच रकान्यात भरायचं नसतं. जे गळून पडतं, तेच आत रुतून बसतं. महिन्या-दीड महिन्यानं समुपदेशक त्या दारात पोचतो, तेव्हा ती बाई सगळं एका दमात, सपाट आवाजात, तारखांसकट सांगते. डोळ्यांत टिपूस नसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बोलली, मन हलकं झालं. तसं काहीही झालेलं नसतं.

म्हणून आघातावर काम करणाऱ्यानं पहिल्या भेटीत ‘काय झालं’ हे विचारूच नये, असं माझं ठाम मत आहे. रात्री किती वाजता पडता, डोळा कधी उघडतो, काल दिवसभरात काय खाल्लं, रात्री जवळ कोण निजतं, हे विचारावं. तिला स्वतःहून बोलायचं असेल तर अर्थातच ऐकावं. खोदायचं मात्र नाही.

या मताला आधार आहे. दुर्घटना झाली की लगेच एकाच बैठकीत सगळं बोलवून घ्यायचं, अशी पद्धत १९८० आणि ९० च्या दशकांत जगभर चालली. पुढे तपासून पाहिलं, तर त्यानं नंतरचा त्रास टळत नाही असं दिसलं. काहींचा तर वाढला. जागतिक आरोग्य संघटना आता ती पद्धत वापरू नका असं सांगते आणि त्याऐवजी मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं देते: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. आघातोत्तर ताणाचा आजार हे निदानही लक्षणं महिनाभराहून जास्त टिकली तरच करायचं असतं. पहिल्या महिन्यात दचकणं, झोप न लागणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. दुःखाचं गणित वेगळं. शोक सहा महिन्यांनंतरही तसाच तीव्र राहिला, माणसाला रोजची कामं उरकेनाशी झाली, तरच नव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला आजार म्हणतात. दर रडणाऱ्या बाईला रुग्ण करायचं कारण नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र हा त्रास मनाचा म्हणून येतच नाही. तो येतो डोकेदुखी, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, चक्कर, ‘अंगात कणकण राहते’ असा. त्यावर सलाईन लागतं, ताकदीच्या गोळ्या मिळतात, दोन दिवस बरं वाटतं. तपासणीत काही निघत नाही आणि तक्रार मात्र फिरून येते. अशा वेळी आशाताईनं किंवा सिस्टरनं एकच प्रश्न जास्तीचा विचारावा: हे केव्हापासून? उत्तरात बहुधा एखादं मरण असतं, एखादी आग, एखादी मारहाण.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातावरच्या उपचाराचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांत परतणं. जगभरचे समुपदेशक थोड्याफार फरकानं हाच क्रम धरतात. खेड्यात पहिला टप्पा सर्वांत लांबतो आणि त्यातलं निम्मं काम झोपेचं असतं.

झोपेची सुरुवात जागेपासून करायची. घर एकाच खोलीचं असेल तर बाज किंवा अंथरूण जुन्या जागेवरून हलवायचं, उशी दार दिसेल अशी ठेवायची. झिरोचा बल्ब लावायचा, लाइन गेली तर म्हणून उशाशी टॉर्च. लेकरू कुशीत हवं असेल तर राहू द्यावं. चारनंतर चहा नाही. उठायची वेळ रोज एकच, झोप लागो न लागो. पडल्यावर वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून ओसरीवर बसायचं, तूर निवडायची किंवा असलंच काही कंटाळवाणं काम करायचं आणि पेंग आली की परत. वाईट स्वप्नानं जाग आली तर आधी दोन्ही पाय जमिनीला, तोंडावर पाणी आणि मोठ्यानं आजचा वार, महिना, गावाचं नाव म्हणायचं. आघाताची आठवण मेंदूत तारीख-वार न लागता पडून असते. जागं झाल्यावरही ते आत्ताच घडतंय असं वाटतं, म्हणून तारीख बाहेरून सांगावी लागते. झोपेच्या गोळ्यांचा मोह सगळ्यांनाच होतो. पण आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी डायझेपामच्या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. सवय लागते आणि आघाताचं मूळ तसंच राहतं.

श्वासाचा व्यायाम सगळेच शिकवतात आणि बरेचजण चुकीचा शिकवतात. ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ म्हटलं की जिच्या डोळ्यांसमोर तोच प्रसंग येतो, तिला आणखी भीती वाटते. खोल खोल श्वास भराभर घेतले की हाताला मुंग्या येतात, चक्कर येते आणि ती म्हणते, तुमच्या व्यायामानं मले ॲटॅक आला. म्हणून डोळे उघडे, नजर समोरच्या तुळशीवर किंवा भिंतीवर. नाकानं साधा श्वास चार आकडे, बाहेर सोडताना सहा आकडे. सोडणं लांबलं पाहिजे, घेणं नव्हे. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि सुरुवात मन शांत असताना. ऐन घाबरल्यावर नवी गोष्ट कोणालाच जमत नाही.

पाच गोष्टी पाहायच्या, चार शिवायच्या, तीन ऐकायच्या, दोनांचा वास, एकीची चव, असा जमिनीवर आणणारा उपायही चांगला आहे. मात्र तो करण्याआधी समुपदेशकानं अंगणात स्वतः नजर फिरवावी. खुंटीला त्याचा फवारणीचा पंप टांगलेला असेल, तर तिची पहिली नजर तिथंच जाते. पंप आणि कीटकनाशकाचे डबे आधी घराबाहेर, दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात गेले पाहिजेत. नुसत्या कुलपावर भिस्त ठेवू नये. श्रीलंकेत घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला आणि त्यातून विषबाधा कमी झाल्याचं दिसलं नाही. तिथं मरणं कमी झाली ती अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर.

याच टप्प्यात सरळ विचारायचं असतं: मरून जावं असं मनात येतं का? विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याचाच कित्येकींना आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न, काही ठरवलंय का. तेही ‘हो’ आलं, तर त्या दिवशी तिला एकटं सोडायचं नाही आणि जिल्हा रुग्णालय गाठायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो भिंतीवर कॅलेंडरशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. कुणी प्रयत्न करून वाचला असेल, तर घरचे पोलीसकेसच्या भीतीनं गोष्ट दडपतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते आणि उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर येते. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की ते दवाखान्याला खरं सांगतात.

आता घरातल्या नात्यांकडे. या कामाचा जीव इथं आहे. आघातातून माणूस उठतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या आधारानं, आणि नेमका तोच आधार अशा घरात तुटलेला असतो. सासू बोलते, सून गप्प होते. सासू जितकी बोलते तितकी सून चुलीकडं तोंड करून बसते. सून जितकी गप्प, तितकी सासूची खात्री पटते की हिला काही वाटतच नाही. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द अशा वेळी निघतो आणि मग वर्षानुवर्षं जात नाही. सासरा दिवसभर पारावर. बाहेरून हे भांडण मदतीच्या पैशाचं आणि सातबाऱ्याचं दिसतं, आणि काही अंशी ते असतंही. पण पैशाचं सगळं मिटल्यावरही ते चालू राहतं, तेव्हा कळतं की मूळ दुसरीकडं आहे.

एकजण मागं लागतो, दुसरा पाठ फिरवतो, हे चक्र मानसशास्त्रज्ञ सू जॉन्सन यांनी कॅनडात १९८० च्या दशकात जोडप्यांसोबत काम करताना आपल्या उपचारपद्धतीच्या मध्यभागी ठेवलं. त्यांचं सांगणं असं की रागाच्या खाली बहुधा भीती किंवा एकटेपण असतं, आणि समुपदेशकानं दोघांपैकी कुणाला सुधारायचं नसतं, चक्र दाखवायचं असतं. ती पद्धत नवरा-बायकोसाठी घडली. सासू-सुनेला ती जशीच्या तशी लागत नाही, कारण इथं मान-मर्यादा आहे, वय आहे आणि घर कोणाचं हा प्रश्न आहे. तरी चक्र तेच.

आधी दोघींना वेगवेगळं भेटायचं. घरात ते शक्य नसतं. दारात जाऊबाई उभी असते. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर तिच्या ओट्यावर बसावं किंवा वावराच्या धुऱ्यानं चालत बोलावं. मग एकत्र बैठक, चाळीस मिनिटांची. दोघींना समोरासमोर बसवू नये. शेजारी-शेजारी, मध्ये शेंगांचं टोपलं, हाताला सोलायचं काम. हात चालू असले की नजर खाली ठेवायला निमित्त मिळतं आणि तोंड उघडतं. नियम एक: एकीनं दोन-तीन मिनिटं फक्त स्वतःबद्दल बोलायचं, दुसरीनं जे ऐकलं तेवढंच परत सांगायचं. ‘पण’ आला की तिथंच थांबवायचं.

सासू म्हणते, “इनं त्याले त्या राती एकलं जाऊ देलं.” इथं सुनेची बाजू घेतली की बैठक संपली. समुपदेशकानं विचारावं, “आजी, तुम्ही तिथं असत्या तर काय केलं असतं?” थोडा वेळ शेंगांचा आवाज तेवढा येतो. “हात धरला असता. म्हटलं असतं, बाप्पा, बस इथंच.” म्हणजे आरोपाच्या खाली हे होतं. आता सुनेला तेवढंच परत सांगायला लावायचं. ती खालीच पाहत म्हणते, “आईले त्याचा हात धराचा होता.” आणि मग कुणी न सांगता, “मले बी धराचा होता.” इथं समुपदेशकानं काहीही बोलू नये. शहाणपणाचं एक वाक्यही इथं जास्त होतं.

दर वेळी असं जमत नाही. आवाज चढला तर मनगटाची नाडी मोजावी: पंधरा सेकंदांत पंचविसाच्या वर ठोके म्हणजे मिनिटाला शंभराच्या पुढं. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अमेरिकेतल्या जोडप्यांवरच्या अभ्यासात दिसलं की या अवस्थेत माणूस समोरच्याचं ऐकूच शकत नाही आणि अंग शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. तेव्हा बैठक थांबवायची. मात्र उठून जाणाऱ्यानं परत यायची वेळ सांगून जायचं. ‘मी जातो वावरात’ म्हणून निघून जाणं आणि ‘अर्ध्या घंट्यानं येतो, मग बोलू’ म्हणून जाणं यांत मोठा फरक आहे, विशेषतः ज्या घरातला एक माणूस जाऊन परत आलाच नाही, त्या घरात. गॉटमन यांनीच टिकणाऱ्या जोडप्यांत वादाच्या वेळीसुद्धा एका कडू बोलण्यामागे पाच गोड असतात असं मोजलं होतं. तो आकडा आपल्याकडच्या घराला लावायचा नाही, पण रोजचं एक काम मात्र नेमून द्यावं: दिवसातून एकदा ‘जेवली का?’ एवढं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

लेकरांना ‘बाबा गावाला गेले’ असं सांगतात. दोन दिवसांत शाळेतलं दुसरं पोरगं खरं सांगतं, आणि लेकराचा घरच्यांवरचा विश्वास जातो. लहान वाक्यांत खरं सांगावं: बाबा वारले, ते फार त्रासात होते, त्यांनी स्वतःला मारून घेतलं, आता ते येणार नाहीत. कसं, ते सविस्तर नको. मुलाच्या मनात तीन प्रश्न असतात, तो विचारो न विचारो: माझ्यामुळं झालं का, तू पण जाशील का, माझं कोण करेल. तिन्हींची उत्तरं पुन्हा पुन्हा द्यायची. चौदा वर्षांच्या थोरल्याला तेरवीच्या दिवशी डोक्यावर हात ठेवून ‘आता तूच घरचा कर्ता’ म्हणणारे पाहुणे त्याच्यावर केवढं ओझं टाकतात, याची त्यांना कल्पना नसते. त्याची शाळा आणि संध्याकाळचं क्रिकेट परत मिळवून देणं हा उपचाराचाच भाग आहे.

हकीकतीची वेळ यानंतर येते. झोप बऱ्यापैकी लागते, घाबरल्यावर ती स्वतःला काही मिनिटांत सावरू शकते, जिवाला तातडीचा धोका नाही आणि घरात निदान एक माणूस तिच्या बाजूनं आहे, हे दिसलं की. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी युद्धातून आलेल्या निर्वासितांसाठी एक पद्धत घडवली, ती खेड्यात चांगली चालते. जमिनीवर एक दोरी पसरायची. एक टोक जन्म. आयुष्यातल्या चांगल्या घटनांसाठी दोरीवर फुलं ठेवायची, वाईट घटनांसाठी दगड. न उलगडलेली गुंडाळी दुसऱ्या टोकाला राहते, ते पुढचं आयुष्य. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, झेंडू आणि दगड सगळीकडे मिळतात. पण त्या घरातलं मरण गळफासाचं असेल तर दोरी बाहेर काढायची नाही. पांढऱ्या रांगोळीची रेघ ओढावी, पुढची जागा मोकळी सोडावी. ही चौकशी गावात आधीच करून यावी, तिला विचारत बसू नये.

मग दर बैठकीत एक दगड घ्यायचा, साधारण नव्वद मिनिटं. आता पटवाऱ्याला सांगितलेली हकीकत नको असते. उजेड कुठून येत होता, पायाखाली काय होतं, कोणता आवाज आधी आला, छातीत काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, असं बारीक बारीक, क्रमानं. मध्येच तिला इकडं आणायचं: ‘तेव्हा हात थरथरत होते, आत्ता कसे आहेत?’ भीती शिगेला पोचली की समुपदेशकच घाबरून विषय बदलतो, ही सर्वांत मोठी चूक. तिथं थांबलं तर मेंदू एवढंच शिकतो की ही आठवण खरोखर असह्य आहे. भीती उतरेपर्यंत त्याच जागी सोबत बसायचं. शेवटची पंधरा मिनिटं चहाला आणि साध्या गप्पांना राखून ठेवायची. संध्याकाळी ही बैठक घेऊ नये, रात्र लगेच पुढं उभी असते. लिहून घेतलेलं पुढच्या भेटीत तिला वाचून दाखवायचं, चूक असेल तिथं दुरुस्त करायचं. शेवटी सगळा कागद तिच्या हाती द्यायचा. सरकारी फाइलमधून गळलेली ती बोलाचाली आता इथं असते, आणि तिच्या मागचे दोन महिने पण. एवढं सगळं एका कागदावर आलं की ‘माझ्यामुळं गेला’ या वाक्याची पकड सुटू लागते.

तिसरा टप्पा माणसांत परतायचा. वारसनोंद, फेरफार, तिच्या नावाचं बँकखातं ही कामं समुपदेशकाची नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई घरात पाहुणी राहते आणि पाहुण्याला झोप लागत नाही. कर्ज श्वासानं फिटत नाही, हे तिला स्वच्छ सांगावं. नाहीतर ती समुपदेशनावरच चिडते आणि तिचं बरोबर असतं. बचत गट, भजनी मंडळ, वेचणीची टोळी, जिथं चार बायका तिला हाक मारतील तिथं तिला परत न्यायचं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावतात का, हे पाहावं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवांवरच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं तो कित्ता गिरवायला सगळ्यांना सांगितलं. ते परिपत्रक सरपंचांना दाखवता येतं.

हे सगळं करणार कोण, तर बऱ्याच ठिकाणी गावातलाच शिकवून तयार केलेला माणूस. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमानं तसंच केलं: गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. अशा कार्यकर्त्याला दर आठवड्याला वरिष्ठांशी बोलायला तास मिळालाच पाहिजे. तो नसेल तर काही महिन्यांत त्याचीच झोप उडते.

भेटी आधी आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याला. बंद करताना पुढच्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसायचं आणि अवघड दिवस खुणा करून ठेवायचे: तो गेला ती तारीख, अखजी (अक्षय तृतीया), फवारणीचे आठवडे, मुलीच्या लग्नाची बोलणी आणि पोळा. अखजीला पितरांची घागर कोण भरणार हे ठरवून टाकायचं. फवारणीच्या वासानं छातीत धडधडायला लागलं तर तो आजार उलटलेला नाही, आठवण आहे, हे सासूलाही समजावून ठेवायचं. बैल विकले गेले असतील तर पोळ्याला तोरणाखाली कुणाच्या जोडीसोबत लेकरं उभी राहतील, ते शेजारच्या घरी आधी विचारून ठेवायचं. पोळ्याच्या आठवड्यातली एक भेट राखीव ठेवायची आणि तिची तारीख घरातल्या सगळ्यांना आजच सांगायची.